चार नंबरची टिटवी

हे मी घरात कधी काढलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, देवापुढेही नाही — देवापुढे उभी राहिले की मी मुलीची परीक्षा, सासूबाईंचे गुडघे असलंच काहीतरी भराभर मागते आणि मोकळी होते. सात वर्षं झाली. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही, आणि तेच बरं आहे. ओळखीच्या माणसासमोर हे बोलायला माझी जीभ रेटत नाही.

आधी मी कोण ते सांगते. चांदवडच्या अलीकडे हायवेला लागून कांदा वाळवण्याचा कारखाना आहे. कांदा सोलायचा, चिरायचा, गरम हवेवर वाळवायचा, चकत्या नाहीतर पावडर करून पाठवून द्यायची. तिथलं स्टोअर माझ्याकडे. नाशिकहून रोज कंपनीच्या बसने जाते, येते. हातमोजे, गमबूट, पाने, बेअरिंग, दोरखंड — जे काय जाईल ते माझ्या खिडकीतून जातं आणि संध्याकाळी परत येतं. स्वभावाने मी तिखट. एक पाना कमी भरला तर माणसाला बसमध्ये चढू देत नसे. कांद्यात राहून बाई कांद्यासारखी झालीय म्हणतात, म्हणोत बापडे. दुसऱ्याची चूक मला लांबून दिसते — हा माझा गुण आहे असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

गॅस डिटेक्टरही माझ्याच खिडकीतून जायचे. मुठीत मावेल एवढं यंत्र, शर्टाच्या खिशाला चिमट्याने अडकवायचं. कांद्याचं पाणी टाकीत साठून कुजलं की त्यातून विषारी वायू सुटतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो म्हणे, पण आमच्याकडे चोवीस तास कांद्याचा असा दर्प, की नाकाला काय कळणार? शिवाय तो वायू जास्त झाला की नाकच बधिर करतो. म्हणून हे यंत्र. वायू लागला की ते कर्कश ओरडतं, लाल दिवा मारतं. आमचे लोक त्याला टिटवी म्हणतात. सहा टिटव्या होत्या, पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेल्या.

आणि दगूनाना. सांडपाण्याच्या टाक्या त्यांच्याकडे होत्या. पन्नाशी उलटलेले, तिथल्याच एका वस्तीवरचे. टिटवीशिवाय ते कुणाला टाकीच्या कठड्याला हात लावू देत नसत. एकदा मॅनेजरसाहेब नुसतं वाकून बघायला गेले तर नानांनी सगळ्यांदेखत विचारलं, साहेब, टिटवी कुठं हाय? साहेब मुकाट माझ्या खिडकीशी आले. अख्खा कारखाना आठवडाभर हसत होता. नानांना वाचता फारसं येत नसे, पण पडद्यावरचे चार आकडे ते रोज मला मोठ्याने म्हणून दाखवायचे आणि मगच यंत्र खिशाला लावायचे. माझ्या तोंडाला न भिणारा तो एकच माणूस. मला म्हणायचे, ताई, तुमचा आवाज टिटवीपेक्षा मोठा हाय, तुमालाच खिशाला लावून नेतो. मला ते आवडायचे. हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल आमचं काही वाकडं होतं. वाकडं असतं तर एक वेळ कारण तरी असतं.

मग — सांगते. सांगतेच आहे.

टिटवी चालू केली की ती आपली आपण टुंग करते, दिवा लावते, आकडे दाखवते. बघणाऱ्याला वाटतं झालं, ठीक आहे. पण तिच्या तोंडावर चार बारीक भोकं असतात, एकेका वायूचं एकेक, आणि त्यातून हवा आत पोचते की नाही हे तिचं तिला कळत नाही. म्हणून रोज सकाळी एका छोट्या सिलिंडरमधला त्याच विषारी वायूचा नमुना नळीने तिच्या तोंडाशी धरायचा. ओरडली तर द्यायची, नाही ओरडली तर बाजूला ठेवायची. याला बंप टेस्ट म्हणतात. एकेकीला अर्धं मिनिट लागतं. मग रजिस्टरमध्ये नंबरापुढे बरोबरची खूण आणि खाली माझी सही.

दसऱ्याच्या आठेक दिवस आधी तो सिलिंडर संपला. नवा मागवायचं काम माझं, आणि मी विसरले. बस, एवढंच. साहेबांना जाऊन सांगायचं होतं की सिलिंडर येईपर्यंत टाक्यांचं काम थांबवा. पण मी सांगायचं? पाना हरवला तर रान उठवणारी मी? दोन दिवसांचा प्रश्न आहे म्हटलं, आणि खुणा करत राहिले. सहा खुणा, एक सही. पहिल्या दिवशी पेन अडखळलं होतं. चौथ्या दिवशी नाही अडखळलं. दोन दिवसांचे वीस झाले.

इथेच थांबले तर तुम्ही म्हणाल, होतं असं, सगळीकडेच होतं. म्हणून थांबत नाही.

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा जोरात असते. मशीन धुऊन पुसून, झेंडू आणि आंब्याच्या डहाळ्या बांधून. स्टोअरमधली पूजा माझी. टेबलावर लाल कापड अंथरून पाने, हातोड्या, वजनकाटा, माझा कॉम्प्युटरसुद्धा, आणि सगळ्यांत पुढे सहा टिटव्या. माणसांचा जीव राखतात, त्यांचा मान पहिला, असं मीच म्हटलं होतं. हळदीकुंकू पाण्यात कालवून मी एकेकीला बोट लावलं. कपाळ कुठे असतं यंत्राचं? पडद्याच्या वर, जिथे ती भोकं आहेत तिथे. चार नंबरची नाना नेहमी नेत, म्हणून तिला जरा भरून लावलं. खोटं नाही सांगत, त्यांच्याच नावाने लावलं. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने सगळ्या पुसल्या. वरून लख्ख झाल्या. पुसताना कुंकू परत ओलं होऊन चार नंबरच्या एका भोकात, नेमक्या त्या विषारी वायूच्या, दाबलं गेलं आणि आतल्या पांढऱ्या जाळीवर सुकून बसलं, हे मला कसं कळावं? — नाही. हा प्रश्न मला विचारता येत नाही. कळण्यासाठीच तर ती टेस्ट होती.

दिवाळी आठवड्यावर आली. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत टाक्या साफ करायच्या होत्या. पावसाळाभर तुंबलेलं पाणी, तळाला कांद्याच्या सालींचा गाळ. आदल्याच दिवशी माझा नवा सिलिंडर आला होता. खोक्यात, माझ्या टेबलाखाली, चिकटपट्टीसकट. सकाळी सहा जण रांगेत उभे होते, सगळ्यांना घाई, मी म्हटलं उद्यापासून सुरू करू. चार नंबर चालू केली, ती टुंग झाली, नानांनी आकडे म्हणून दाखवले. ऑक्सिजन वीस पूर्णांक नऊ, पुढे तीन शून्यं. मी खूण केली.

दहाच्या सुमाराला ओरडा झाला. नाना शिडीवरून खाली गाळात पडले होते. कमरेला दोर होता आणि वर कैलास होता, टाक्यांवरचाच त्यांचा जोडीदार, म्हणून चार-पाच मिनिटांत ते बाहेर तरी आले. मी पळत गेले तेव्हा कठड्याशेजारी त्यांना उताणं घातलं होतं. तोंड काळं-निळं. कुणीतरी छाती दाबायला शर्ट फाडला आणि खिशाची टिटवी माझ्या पायाशी पडली. सगळ्यांचं लक्ष नानांकडे होतं. मी उचलली. चालू होती. वीस पूर्णांक नऊ, शून्य, शून्य, शून्य. माणूस मरायला टेकलेला आणि ती गप्प.

त्यांना जीपमध्ये घालेपर्यंत मी स्टोअरमध्ये आले होते. दार लावून घेतलं, खोकं फोडलं, चारला नळी लावली. एक मिनिट, दोन मिनिटं — काही नाही. खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा एका भोकात लालसर पिवळी खपली दिसली. माझ्या बोटाची. त्या क्षणी मला सगळं कळलं, पुरतं कळलं. पुढे जे केलं ते कळून केलं.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी, कैलास, आणखी दोघं. साहेब रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. त्यांनी एकच विचारलं, नानांच्या अंगावर टिटवी होती का? आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण ती जाते माझ्या खिडकीतून.

"सकाळी नेली होती त्यांनी," मी म्हणाले. "पण मला ती कठड्यावर काढून ठेवलेली सापडली."

एवढंच वाक्य. आधी ठरवलंही नव्हतं. कैलासने माझ्याकडे पाहिलं. बिचाऱ्याचं सगळं लक्ष दोराकडे होतं, हाताची सालटी निघाली होती, त्याचे डोळे वाहत होते. तो म्हणाला, असंल, ताई म्हणत्यात तर असंल.

दुपारी मी चारची जाळी बदलली. चिमटीत मावणारी पांढरी टिकली असते, अशा टिकल्यांचं पाकीट कपाटात होतंच. भोक दात घासायच्या ब्रशने साफ केलं, परत नळी लावली. काय ओरडली ती! दोन्ही हातांनी दाबून धरली, ओढणीत गुंडाळली, तरी थांबेना. बाहेर कुणी ऐकलं असतं तर? कुणी ऐकलं नाही. जेवणाची सुट्टी होती.

तिसऱ्या दिवशी चौकशीला सरकारी अधिकारी आले. आमची यंत्रं साधी, आत काही नोंदवून ठेवणारी नव्हेत. त्यांनी सहाच्या सहा टिटव्या माझ्याकडूनच तपासून घेतल्या. सगळ्या ओरडल्या, चार नंबर सगळ्यांत आधी. मग त्यांनी रजिस्टर चाळलं. एकही दिवस चुकलेला नव्हता. रजिस्टर असं पाहिजे, असं ते साहेबांना म्हणाले, माझ्यासमोर. कागदावर आलं ते असं — कामगाराने सुरक्षेचं साधन अंगावरून काढून ठेवलं होतं.

नाना जगले. नाशिकच्या दवाखान्यात बरेच दिवस बेशुद्ध होते, पण जगले. मी किती नवस बोलले म्हणून सांगू? आणि खरं सांगू का — त्या नवसांमध्येही मधूनच मनात यायचं, शुद्धीवर आल्यावर यांना काय आठवेल? असं मी एका मरत्या माणसाबद्दल विचार करत होते.

त्यांना काहीच आठवलं नाही. तो दिवस नाही, आधीचे दोन दिवसही नाहीत. हात कापायला लागले, वास जो गेला तो गेलाच, बोलताना शब्द सापडेनात. कंपनीने त्यांना गेटवर खुर्ची दिली.

घरी आल्यावर मी भेटायला गेले होते. सांगायचं ठरवून गेले होते, बसमध्ये वाक्यं जुळवत. त्यांच्या बायकोने, सिंधूबाईंनी, दारातच सुरू केलं. गावाला शिकवायचे, साहेबाला माघारी लावायचे, अन् सवताच्या जिवाची एवढी पर्वा नाय. रोज बोलते मी यांना, म्हणाल्या. नाना खाली मान घालून बसले होते. बाई चहा ठेवायला आत गेल्या. खोलीत आम्ही दोघंच. नाना हळूच म्हणाले, माझंच चुकलं असंल ताई, मला काय बी याद नाय. काय जड होतं तेव्हा? चार शब्द. नाना, तुमचं काही चुकलेलं नाही. मी चहा प्यायले. चांगला झालाय म्हणाले. आणि साडेपाचची बस धरली.

तेव्हापासून मी रोज टेस्ट करते. याचं कौतुक नको. वीस दिवस केली नाही ती आता आयुष्यभर केली म्हणून काय होणार? पुढच्या खंडेनवमीला टिटव्यांना हळदीकुंकू लावायचं नाही असा नियम मी काढला. पॅकिंगच्या बायका चिडल्या, बाई देवधर्म सोडून बसली म्हणाल्या. वरून आदेश आहे म्हणून सांगितलं. एका खोट्याला किती टेकू लावावे लागतात, मोजून बघा कधी.

पण सगळ्यांत वाईट हे नव्हे. दरवर्षी सुरक्षा सप्ताह असतो. पहिल्या वर्षी साहेब म्हणाले, नवीन लोकांना आपल्याकडचीच गोष्ट सांगा, मनाला लागेल. सांगणार कोण, तर मी, कारण मी चांगली बोलते. आणि मी बोलले. आपल्यातलाच एक अनुभवी माणूस, एक दिवस गाफील राहिला, टिटवी कठड्यावर ठेवली — माईकवरून. समोर शंभर-सव्वाशे माणसं, आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर नाना. टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी साहेबांनी नानांनाही उभं केलं. ते दोनच वाक्यं बोलले, मी चुकलो, तुमी चुकू नका. खाली बसल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, बरं झालं का?

मला वाटलं होतं एखाद-दोन वर्षांत हे बंद पडेल. पडलं नाही. उलट नानांची गोष्ट वाढत गेली. तिसऱ्या वर्षी म्हणाले, घाईत होतो. मग एका वर्षी म्हणाले, चिमटा छातीला टोचत होता. या वर्षी त्यांनी सगळं सांगितलं. आदल्या दिवशी सुनेशी कुरबुर झाली होती, डोकं ठिकाणावर नव्हतं, शिडीवर पाय ठेवला, टिटवी टोचली, काढली, कठड्याच्या दुसऱ्या दांडीला अडकवली, आणि कैलासला म्हणालो, आत्ता येतो रे लगेच. ठासून बोलत होते, शब्द न अडखळता. मागे उभा कैलास मान हलवत होता. त्यालाही ते आता आठवतं. मी माईकच्या शेजारी उभी होते. कुणाला सांगू आता? जे घडलंच नाही ते दोघांना आठवतंय, आणि जे घडलं ते ठाऊक असलेली मी एकटी. उद्या मी त्यांना म्हटलं, नाना, असं नव्हतं, तर ते माझ्यावर विश्वास ठेवतील की स्वतःच्या आठवणीवर? मला खरंच माहीत नाही. आणि हे माहीत नसणं मला सोयीचं आहे, तेही मला कळतं.

कार्यक्रम संपला. बसला अर्धा तास होता. मी स्टोअरमध्ये येऊन बसले तर नाना खिडकीशी आले, भिंतीला धरत धरत. आजूबाजूला कुणी नव्हतं. मला वाटलं पाणी हवं असेल. उठले, तर त्यांनी हातानेच बसा म्हटलं. बराच वेळ शब्द जुळवत राहिले.

"ताई, एक बोलायचं ऱ्हाऊन गेलंय. तुमी रोज एवढ्या जिवापाड टिटवी तपासून द्यायच्या, अन् मी ती काढून ठिवली. माझ्यापायी तुमालाबी चार लोक बोलले असतील. मला माफ करा."

आणि त्यांनी हात जोडले. ते हात सारखे थरथरतात, एकमेकांवर नीट बसतही नव्हते.

"असू द्या नाना," मी म्हणाले, "झालं गेलं."

त्यांचे डोळे भरून आले. सात वर्षांचं ओझं उतरल्यासारखं त्यांनी लांब श्वास सोडला, दोनदा मान डोलावली, आणि भिंतीला धरत गेटकडे गेले. मी त्यांना माफ केलं.